उच्चार : ऐका

माझं काम कोणाला समजावून सांगायची सोय नाही. विचारलं तर मी म्हणतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. लगेच समोरचा त्याचा प्रिंटर कसा अडकतो ते सांगायला लागतो. खरं काम एवढंच, की एका मोठ्या कंपनीचे डेटाबेस सांभाळायचे. कंपनीची सगळी माहिती ज्या पेट्यांत असते त्या पेट्यांची रोज एक नक्कल काढून बाजूला ठेवायची, याला बॅकअप म्हणतात. उद्या मूळ पेटी गेलीच तर नकलेतून सगळं परत उभं करायचं, त्याला रिस्टोअर. पहिलं रोज होतं. दुसरं करायची वेळ येऊ नये म्हणून आम्ही देवाला हात जोडतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

रोज सकाळी दात घासायच्या आधी मी मोबाईल बघतो. मेल आलेला असतो, हिरव्या अक्षरांत : बॅकअप यशस्वी. इतकी वर्षं झाली, त्या हिरव्या रंगावर माझा देवावर नसेल इतका विश्वास बसला होता.

आता आईबद्दल सांगतो. आम्ही मूळचे विरारजवळच्या गिरीज गावचे. आईने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि कडक शिकवलं. आमच्या गावातल्या ख्रिस्ती घरांची बोली वेगळी, बाहेरच्याला अर्धी कळते, अर्धी नाही. वर्गात कोणी घरचा शब्द बोललं की आई हातावर पट्टी मारायची आणि शुद्ध शब्द दहा वेळा लिहायला लावायची. वाईट हेतू नव्हता. पोरं मुंबईला जातील, तिथे कोणी हसायला नको, एवढंच तिच्या डोक्यात. मलाही तिने अशीच धुतलेली, इस्त्री केलेली मराठी दिली. गावची बोली मला येत नाही. कळते बऱ्यापैकी, पण तोंड उघडलं की शाळाच बाहेर पडते.

निवृत्त झाली, विरारला माझ्या फ्लॅटवर राहायला आली, आणि एकाएकी तिला त्या मारलेल्या शब्दांची आठवण व्हायला लागली. वही घेऊन गिरीज, नंदाखाल या गावांतल्या म्हाताऱ्यांकडे जायची. शब्द लिहायचा, अर्थ लिहायचा, उच्चार लिहायचा आणि मोबाईलवर त्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करायचा. चार-पाच वर्षं हाच उद्योग. माझी मावशी, म्हणजे तिची थोरली बहीण, तिला टोमणे मारायची. “पोरांच्या तोंडातून काढून घेतलेस ना गं सगळे शब्द? आता माझ्या तोंडात काय शोधतेस?” मावशीचं बोलणं मी इथे शाळेच्या मराठीत लिहितोय. दुसरं मला येतच नाही, माफ करा.

मावशी गिरीजच्या वाडीतच राहिली. दोघींना शिकवणं घरच्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून मावशीने चौथीत शाळा सोडली आणि वाडीचं पाणी सांभाळलं. आई शिकली. हे दोघींपैकी कोणी कधी बोलून दाखवलं नाही, पण आईच्या मनातून ते गेलंही नाही.

आमच्या वाडीचं पाणी बावखलातून यायचं. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पंपाचं पाणी पाटात सोडायचं, ते केळींतून फिरत फिरत वाडीच्या टोकाला शेवटच्या माडापर्यंत जायचं. पंपाजवळच्या माणसाला टोक दिसत नाही. म्हणून टोकाला एकाने उभं राहायचं, आणि पाणी शेवटच्या माडाला लागलं की हाक मारायची. त्या हाकेला आमच्या बोलीत एक शब्द आहे, म्हणजे शब्द तरी कसला, ओरडण्याचीच एक तऱ्हा. पोटातून खाली सुरू व्हायची, चढत जायची आणि वर जाऊन कचकन तुटायची. तुटली की पंप बंद. टोकाला नेहमी मावशी उभी असायची. आई घरात पाटीवर शुद्धलेखन लिहीत ती हाक ऐकायची. अख्खं लहानपण तिने ती ऐकली, मारली मात्र एकदाही नाही.

ती हाक आईला रेकॉर्ड करून हवी होती. मावशी तयार होईना. “हाक म्हणजे काय गाणं आहे, सांगितलं आणि म्हटलं? पाणी पोचल्याशिवाय माझ्या तोंडातून निघणारच नाही.” तोवर पंपाला टायमर बसून बरीच वर्षं झाली होती. शेवटी माझ्या मावसभावाने टायमर काढून पंप हाताने चालू केला. मावशी काठी टेकत टोकाला जाऊन उभी राहिली, आई मोबाईल धरून शेजारी. मीही होतो. पाणी आलं, माडाच्या बुंध्याला लागलं, आणि सत्तर ओलांडलेल्या त्या बाईने अशी हाक मारली की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून आत बघायला लागला. हाक तुटली, पंप बंद झाला. रेकॉर्डिंगमध्ये शेवटी मावशीचं हसणं होतं आणि “बघ, अजून निघतो आवाज!” असं तिचं म्हणणं.

घरी येऊन आई वही घेऊन बसली. शब्द, अर्थ झाला : पाटाचं पाणी शेवटच्या झाडाला पोचलं की मारायची हाक. उच्चारापाशी अडली. चार तऱ्हांनी लिहून बघितलं, चारही खोडल्या. नागरीत ते मावेना. मग तिने त्या रकान्यात नुसतं लिहिलं : ऐका.

इथे माझी हुशारी सुरू होते. मी म्हटलं, “अगं आई, वह्यांना वाळवी लागते, मोबाईल पडतो, फुटतो. मी हे सगळं आमच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. ज्यात कंपनीचा जीव आहे तसल्यात.” ऑफिसमध्ये एक चाचणीचा सर्व्हर होता, आम्ही त्यावर प्रयोग करायचो. कोणाला न विचारता मी त्यावर आईच्या शब्दांची पेटी बांधली. शनिवार-रविवार बसून सगळं भरलं. आवाजाच्या फायली जड होत्या, त्या सर्व्हरच्याच एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि पेटीत प्रत्येक शब्दापुढे त्या फायलीचा पत्ता लिहिला. मोठमोठ्या कंपन्या हेच करतात, मी काही जगावेगळं केलं नाही. घरी मोबाईलवर पेटी उघडून शब्दावर बोट ठेवलं की म्हातारी बोलायला लागायची. आईने हावरटासारखे ओळीने साठ-सत्तर शब्द ऐकले. मग म्हणाली, “एक कॉपी त्या पेन ड्राइव्हमध्येही ठेव ना.”

“पेन ड्राइव्ह!” मी हसलो. “मॅडम, पेन ड्राइव्ह म्हणजे पाटीवर खडूने लिहिणं. याचा रोज बॅकअप होतो, रोज.” तिचा मोबाईल भरून बंद पडायला आला होता. त्यातली रेकॉर्डिंग मीच बसून उडवली, आणि पुढच्या दिवाळीत तो मोबाईल बदलीत देऊन तिला नवा आणला. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून येताना आई विचारायची, “माझी पेटी ठीक आहे ना रे?” मी मोबाईल पुढे करायचो. हिरवं.

मावशीने एकदा मला बरोबर पकडलं होतं. पावसाळ्याआधी ती बेगमी करायची. सुके बोंबील, सुकट, पापड, लोणची, बरण्याच बरण्या. मी गेलो तेव्हा सगळ्या बरण्या उघडून अंगणात मांडल्या होत्या, आणि ती एकेकीत नाक घालत बसली होती. मी म्हटलं, “मावशी, माझंही काम हेच. मी कंपनीची बेगमी करतो.”

“असं होय? मग तू किती दिवसांनी उघडून बघतोस?”

“उघडायला कशाला लागतं? सगळं ठीक आहे म्हणून रोज मेल येतो.”

“मेल वास घेतो काय रे?” ती म्हणाली. “भरून ठेवलं म्हणजे बेगमी नाही बाबा. उघडून बघितलं म्हणजे बेगमी.”

मी तो विनोद ऑफिसमध्ये सांगितला. सगळे हसले. आमच्यातल्या कोणीही त्या वर्षी एकही बरणी उघडली नाही.

मावशी गेली ती झोपेतच गेली. आई दफनाला रडली नाही, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावी तशी ताठ उभी राहिली. पण त्याच आठवड्यात तिने ठरवलं, की मावशीला वर्ष होईल तेव्हाच्या मिस्सानंतर सगळ्यांनी वाडीत जमायचं. पाटात पाणी सोडायचं, आणि पाणी शेवटच्या माडाला लागलं की मावशीची हाक स्पीकरवर लावायची. त्या हाकेवर पंप बंद करायचा. “एकदा तरी तिच्या हाकेला सगळ्यांनी उभं राहून ऐकू दे,” म्हणाली. “मी शिकत बसायचे तेव्हा ती उन्हात उभी असायची.” वर्षभर तिने जो भेटेल त्याला हे सांगितलं. नातेवाइकांना, फादरना, भाजीवालीलासुद्धा.

त्याच वर्षी आमच्या कंपनीने सगळे सर्व्हर नव्या जागी हलवले. जुन्यांची यादी माझ्याकडे आली, काय ठेवायचं नि काय पुसायचं ते लिहायला. चाचणीच्या सर्व्हरपुढे मी माझ्या हाताने लिहिलं : पुसा, बॅकअप आहे. नंतर नव्या जागी आईची पेटी रिस्टोअर केली. एका ओळीचाही फरक नाही. शब्द सगळे, अर्थ सगळे, कोणी कुठल्या गावात सांगितला तेही. खाली हिरव्या अक्षरांत : रिस्टोअर यशस्वी. मी आईला म्हटलं, “आलं गं सगळं सुखरूप.” ओळी मोजल्या. शब्दावर बोट ठेवून बघितलं नाही.

मिस्साला आठ दिवस होते. आई म्हणाली, स्पीकरवर कसं वाजतं ते एकदा बघू. मी शब्द काढला, बोट ठेवलं.

फाइल सापडत नाही.

दुसरा शब्द, तिसरा शब्द. सगळीकडे तेच. मी म्हटलं, नेट स्लो आहे, उद्या बघतो. आईला खोटं बोललो, कारण मला त्याच क्षणी कळलं होतं. बॅकअप पेटीचा होत होता. पेटीत आवाज नव्हतेच, आवाजांचे पत्ते होते. आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरला बॅकअपने कधी हातच लावला नव्हता. लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते सगळे बरोबर लिहावेत आणि गावच उठून गेलेलं असावं, तसं.

ज्या सॉफ्टवेअरने आम्ही बॅकअप घेतो त्याचं एक जाडजूड मॅन्युअल आहे. त्यात अगदी शेवटी एक प्रकरण असतं, ज्ञात मर्यादा. काय काय वाचणार नाही ते तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुनीत उघडणार नाही. किल्ली हरवली तर कुलूपबंद माहिती परत मिळणार नाही. आणि तिसरी का चौथी ओळ : पेटीबाहेर ठेवलेल्या फायली बॅकअपमध्ये येत नाहीत, त्यांची सोय वेगळी करावी. ज्ञात म्हणजे कोणाला ज्ञात? मला! कप्पाळ माझं, मला ज्ञात! नवीन लागलेल्या मुलांना हे प्रकरण मीच शिकवतो, ती ओळ फळ्यावर लिहून खाली रेघ मारतो. कंपनीच्या सगळ्या पेट्यांची अशी वेगळी सोय मी केलेली आहे. आईच्या पेटीची केली नाही, कारण ती घरची होती. घरच्या कामाला कोण मॅन्युअल उघडतो?

पुढचे दिवस मी कुत्र्यासारखा धावलो. जुन्या डिस्क कुठे गेल्या ते विचारलं. कंपनीचा नियम आहे, जुनी डिस्क बाहेर जाताना तिला ड्रिलने भोकं पाडतात. पाडून झाली होती. माझ्या साहेबांना खरं सांगितलं, कंपनीच्या सर्व्हरवर घरचं सामान ठेवलं म्हणून बोलणी खायची तयारी ठेवून. ते बिचारे रागावलेही नाहीत. म्हणाले, “बॅकअपची चूक नाही यात. तो जे करतो म्हणाला होता तेच त्याने केलं.” याच्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मोबाईलच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, “बदलीत आलेला जुना पीस कुठे गेला ते आम्हाला पण माहीत नसतं, सर.”

आईला सांगितलं तेव्हा ती मिस्साला नेसायची साडी घडी करत होती. तिने घडी पुरी केली आणि विचारलं.

“शब्द आहेत?”

“आहेत.”

“अर्थ?”

“आहेत सगळे.”

“आवाज?”

“नाहीत.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

ती पलंगावर बसली. “म्हणजे परत व्याकरणच उरलं,” म्हणाली.

ओरडली असती, पट्टी घेऊन हातावर मारली असती, तर मला चाललं असतं. पण ती एवढंच म्हणाली, “गिरीजला कोणाला सांगू नकोस. मी बघते.” मी समजलो. म्हटलं, “आई, तू मारणार हाक?” तिने घडी केलेली साडी कपाटात ठेवली. त्या दिवसापासून दुपारी ती बाल्कनीचं दार लावून आत प्रयत्न करायची. मला बाहेर ऐकू यायचं. सुरुवात बरी व्हायची, पोटातून. मग चढताना आवाज सरळ व्हायचा, स्वच्छ व्हायचा, कविता म्हणताना होतो तसा. तुटायच्या जागी तुटायचा नाही, थांबायचा. शेजारच्या वहिनींनी बेल वाजवून विचारलं, “काकींना बरं नाहीये का?” मी म्हटलं, घसा बसलाय. माझ्या मोबाईलवर तिने स्वतःची हाक तीनदा रेकॉर्ड करून ऐकली, आणि तिन्ही वेळा स्वतःच्या हाताने उडवली.

मिस्सा झाली. फादर, नातेवाईक, मावशीच्या वयाच्या दोन-तीन म्हाताऱ्या, सगळे वाडीत जमले. मावसभाऊ पंपाजवळ जाऊन बसला. त्याला टोक दिसत नाही, तो हाकेची वाट बघत बसला होता. त्याने जाताना मला विचारलं, “स्पीकर?” मी म्हटलं, “सगळं तयार आहे.” दुसरं काय बोलणार होतो? आई शेवटच्या माडाजवळ जाऊन उभी राहिली, मावशी उभी राहायची त्याच जागी. सगळे मोबाईल वर करून रेकॉर्ड करायला लागले. एक म्हातारी डोळे मिटून, हात जोडून उभी होती. मी आईच्या शेजारी होतो. तिच्या मानेवरची शीर उडत होती.

पंप सुरू झाला. केळींतून पाणी येताना दिसायला लागलं, पुढे पालापाचोळा ढकलत. देवा, एवढी एक हाक निघू दे, मी मनात म्हटलं. चुकीची निघाली तरी चालेल, कोणाला कळणार आहे? पण त्या डोळे मिटलेल्या बाईला कळणार होतं, आणि आईला कळणार होतं.

पाणी माडाच्या बुंध्याला लागलं. आईने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

“थांबा!”

वर्गाला म्हणायची ना, अगदी तस्सं. अनुस्वारासकट शुद्ध.

कोणी हललं नाही. लोकांना वाटलं, काहीतरी राहिलंय, म्हणून ती थांबायला सांगतेय. ते मोबाईल धरून थांबले. त्या म्हातारीने डोळे उघडले आणि इकडेतिकडे बघितलं. आई दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती. आळं भरलं, पाणी बांधावरून आलं, आईच्या चपला भिजल्या, साडीचा काठ भिजला, फादर दोन पावलं मागे सरले. पंप चालूच होता. मी खिशातून फोन काढून मावसभावाला लावला.

“बंद कर रे,” मी म्हटलं. “पाणी पोचलं.”

“पोचलं कसं?” तो म्हणाला. “हाक कुठे आली अजून?”